गुंजाळांचा बहावा आणि माझी ओली भिंत

संपादकांनी या नाताळ अंकासाठी आधी गुंजाळ सरांना विचारलं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. गुंजाळ सध्या मुलाकडे बंगळुरूला आहेत, म्हणून फोन माझ्याकडे वळला. "भिंगारदिवे सर, तुम्हीसुद्धा वनस्पतीशास्त्रच शिकवायचात ना?" अशी सुरुवात झाली. नाताळ आमचा, चर्च आमचं, संपादक माझ्या साडूचा भाचा, आणि पहिला फोन गुंजाळांना! तेव्हा आधीच सांगून टाकतो, पुढचा मजकूर एका जळक्या माणसानं लिहिलेला आहे. वाचकांनी तो त्या बेतानंच वाचावा.

नगरच्या एका कॉलेजात गुंजाळ आणि मी एकाच विभागात, एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर जन्म काढला. त्यांचा विषय फुलणारी झाडं. माझा विषय मॉस. आता मॉस म्हणजे काय, हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय, त्यात आणखी चार ओळी. पावसाळ्यात जुन्या भिंतीवर, विहिरीच्या कठड्यावर हिरवा मखमली थर चढतो, हात लावला की गार लागतो, तो मॉस. आपण त्यालाही शेवाळ म्हणतो आणि ज्याच्यावरून माणूस पाय घसरून आपटतो त्यालाही शेवाळच म्हणतो. ते आपटवणारं वेगळं. माझ्या मॉसला खोड असतं, पानं असतात, सगळं नखाएवढ्या उंचीत नीटनेटकं असतं. पण ऐकून कोण घेतो?

गुंजाळांकडे माणसं कशाकशासाठी यायची बघा. बंगल्यासमोर बकुळ लावू की ताम्हण? आजीच्या माहेरी एक पांढरं फूल होतं, त्याचं नाव काय असेल? एक जण तर मुलीचं नाव काय ठेवावं हे विचारायला भिंगारहून बायकोसकट आला होता. आणि माझ्याकडे? माझ्याकडे शेजारचे गृहस्थ यायचे. "सर, बाथरूममध्ये तुमचं ते झालंय. काय टाकू? अॅसिड चालेल का?" तुमचं ते! जसं काही मीच त्यांच्या बाथरूममध्ये शिरून पेरून आलो होतो.

एकदा सावेडीतल्या एका महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं. आदल्या महिन्यात गुंजाळांचं झालं होतं, तेव्हा सभागृह फुलांनी सजवलं होतं म्हणे. मी माझा हुकमी खेळ घेऊन गेलो. वाळलेलं मॉस कागदावर ठेवायचं, दिसायला चिमूटभर माती. वर पाण्याचे थेंब टाकायचे. बघता बघता ती माती अंग ताणते, पानं उघडते, हिरवी होते. वाळलेल्या गुलमोहरावर टँकर ओता, तो हे करून दाखवणार नाही. झाडाचं पान एकदा वाळलं की गेलं. मॉस मात्र वाळतं तेव्हा मरत नाही, थांबतं. आपल्या जिल्ह्यात जगायचं तर हाच गुण हवा, असं एक वाक्यही मी तयार ठेवलं होतं. माझी ओळख करून देणं चाललेलं असताना एक तत्पर बाई फडकं घेऊन आल्या आणि टेबल स्वच्छ पुसून गेल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "किती कचरा होता हो सर!" पुढचं भाषण मी नमुन्याशिवाय केलं. त्यानंतरच्या महिन्यात गुंजाळांना लोकाग्रहास्तव पुन्हा बोलावलं गेलं.

घरात तरी मान असावा? आमच्या सुशीलाबाई मुलींच्या शाळेत शिक्षिका. केडगावला घर बांधलं तेव्हा म्हणाल्या, "अहो, दारात काय लावावं ते गुंजाळ सरांना विचारा ना."

मी म्हटलं, "घरात वनस्पतीशास्त्रज्ञ बसलाय."

"बसलाय खरा," त्या म्हणाल्या.

हेही मी गिळलं असतं. खरी आग लागायची ती जून महिन्यात. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला एका शिक्षकाच्या हाताखाली प्रकल्प करावा लागे. यादी लागली की पोरं गुंजाळांच्या टेबलाभोवती आग्यामोहोळासारखी. तिथं जागा संपल्या की उरलेली माझ्याकडे पाठवली जायची, जशी लग्नात पहिल्या पंगतीला न मावलेली मंडळी. स्वतःहून, आपल्या पायांनी, मॉस शिकायला माझ्याकडे कोणी आलं नव्हतं. निवृत्ती जवळ आली तरी नव्हतं. माझा म्हणावा असा एकही विद्यार्थी नाही आणि समोरच्या टेबलावर मात्र अख्खं गोत्र. हे रोज बघत डबा खायचा!

आणि मग मनीषा आली. पुणतांब्याची, शेतकऱ्याघरची मुलगी. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "सर, मॉसवर परकल्प करायचा हाय."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंतच होती.

"गुंजाळ सरांकडच्या जागा संपल्या का?"

"न्हाई. हायेत की."

"मग?"

"झाडांवर समदीच करत्यात. आमच्याकडं गोदावरीच्या घाटावर पायऱ्यांना हे असतंय. उन्हाळ्यात मेल्यावानी दिसतं, पान्याचा शिपका बसला की उठतं. ल्हानपनी आमी थुकून उठवायचो."

थुंकून! इतका थेट प्रयोग मला शास्त्राची पदवी घेऊनही सुचला नव्हता. समोर गुंजाळ काहीतरी वाचत असल्याचं दाखवत होते. त्या दिवशी मी डब्यातली अर्धी पोळी त्यांना आग्रहानं वाढली.

आता भिंतीविषयी. आमच्या जिल्ह्यात अकोले तालुक्यातले डोंगर सोडले तर मॉसला हिरवं राहायला चार महिने मिळतात. पण आमच्या प्रयोगशाळेमागे पाण्याची टाकी होती, ती गळायची, आणि त्या ओलीवर मागची भिंत बारा महिने हिरवी असायची. कोणी दागिने जपतात, मी ती गळती जपली. प्लंबर युसूफभाई दुरुस्तीला आले की मी त्यांना चहा पाजून परत पाठवायचो. "सर, मेरेकू क्या," ते म्हणायचे, "तुम बोलेंगे तो मैं अंधा."

अडचण एकच होती. टाकीपासून पाचसहा पावलांवर गुंजाळांचा बहावा होता. नोकरीला लागले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी लावलेला. झाड वाढलं, पानांनी भरलं, पण फुलायचं नाव नाही. गावभर बहावे पिवळ्या झुंबरांनी लगडायचे आणि बहाव्याचे जाणकार म्हणून मिरवणाऱ्या माणसाचा स्वतःचा बहावा चार घोस दाखवून गप्प. मला किती समाधान वाटायचं, हे नाताळ अंकात लिहू नये.

गुंजाळांनी अखेर निदान केलं. बहाव्याला फुलायला उन्हाचा चटका लागतो, पायाशी कोरड लागते. माझ्या गळतीनं त्याचे पाय कायम ओले. निदान बरोबर होतं, तेच तर वाईट. झाडाला खोल मुळं असतात, अंगात पाणी चढवणाऱ्या नळ्या असतात, ते वरून कोरडं पडलं तरी खालून ओढून घेतं. त्याच्या फुलातला परागही कोरड्या हवेत भुंग्याच्या पाठीवर बसून लग्नाला जातो. मॉसकडे यातलं काही नाही. मूळ नाही, नळ्या नाहीत, फूल नाही, बी नाही. त्याची नरपेशी पोहत जाते. नर आणि मादी यांच्यामध्ये पाण्याचा पातळसा पडदा असला तरच भेट, नाहीतर नाही. भेट झाली की मादीच्या डोक्यावर एक नाजूक दांडी उगवते, तिच्या टोकाला इवलीशी कुपी, आणि कुपीत धुळीसारखे बीजाणू. ही दांडी-कुपी म्हणजे मॉसचं लेकरू. ते घर सोडून कधी जात नाही, आईच्या डोक्यावर उभं राहून तिचंच खातं. तर एकाच गळतीवर त्यांच्या झाडाचं वांझपण आणि माझ्या भिंतीचा संसार, दोन्ही चालले होते.

प्राचार्यांच्या बैठकीत गुंजाळ उठले. "सर, नगरसारख्या जिल्ह्यात पाणी असं वाया जाणं शोभत नाही."

बहाव्याचा उल्लेखही नाही! मी ताडकन उभा राहिलो. "ती गळती नाही, ती प्रयोगशाळा आहे!"

बैठक हसत हसत संपली. दुसऱ्या दिवशी युसूफभाई खालच्या मानेनं सिमेंट कालवत होते. "सर, ऊपरसे ऑर्डर है."

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, भिंत वरून खाली वाळत आली. मनीषाचा प्रकल्प त्या भिंतीवरच होता आणि तिला कुप्या हव्या होत्या. नुकत्या कुठं एकदोन दांड्या वर येत होत्या.

"सर, वाळाया लागलं."

"घाबरू नकोस. मेलेलं नाही, थांबलंय."

"ते मला ठावं हाय. पर माझी परीक्षा थांबत न्हाई ना."

दोन दिवसांनी तिनंच सांगितलं की गुंजाळ सर म्हणाले, अडलीस तर माझ्याकडे ये, ताम्हणावर विषय देतो. गुंजाळ हे चांगुलपणानं म्हणाले होते. त्यांचा हा चांगुलपणा मला आयुष्यभर पचलेला नाही. भिंत गेली तर मनीषा जाणार, आणि मनीषा गेली तर माझी पाटी कोरीच राहणार, एवढं मला स्वच्छ दिसलं.

माझ्या मेहुण्याची राहुरीला डाळिंबाची बाग. त्याच्याकडून मी पाठीवरचा फवारणी पंप आणला. "दाजी, धुऊन घ्या हां," तो म्हणाला. "हो, हो," मी म्हणालो. रविवारी सुशीलाबाई गाणाऱ्यांच्या मंडळाबरोबर चर्चला लवकर गेल्या. 'मागून येतो' असं सांगून मी काळे बूट, इस्त्रीचा शर्ट अशा थाटात कॉलेज गाठलं. पंप निळा होता. झाकण उघडलं तर तळाशी बरंच पाणी शिल्लक. म्हटलं बरं झालं, तेवढंच कमी ओतावं लागेल.

काय सांगू तुम्हाला ती सकाळ! मी भिंतीवर फवारा धरला आणि वाळलेलं मॉस उठून बसलं. वरपासून खालपर्यंत हिरवळ पसरत गेली. जाता जाता दोन फवारे बहाव्याच्या खालच्या फांद्यांवरही मारले. गुंजाळांना कोरड हवी होती ना, घ्या! मग वेळ काढून चर्चला शेवटच्या गीताला पोचलो आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायलो.

आठवडा सरायच्या आत भिंत पिवळी पडली. मग तपकिरी, मग काळपट. पाणी टाकलं, उघडेना. थांबलेलं मॉस आणि मेलेलं मॉस यांतला फरक ओळखण्याचाच मी पगार घेत होतो. हे मेलेलं होतं.

हे कोणी केलं, याचा मला क्षणभरही संशय आला नाही. खात्रीच होती. मी तडक स्टाफरूममध्ये गेलो. सगळे डबे उघडून बसलेले. मी दारातूनच ओरडलो, "गुंजाळ, तुम्ही माझ्या भिंतीला विष घातलंत!"

गुंजाळ पेरू चिरत होते. त्यांनी सुरी खाली ठेवली. "भिंगारदिवे, खरं सांगू? तुमचं मॉस कुठं संपतं आणि भिंत कुठं सुरू होते, हेच मला कळत नाही. विष कुठं घालू?"

"ते मला सांगू नका! भिंतीवर चला!"

वरात निघाली. पुढे मी, मागे गुंजाळ, त्यांच्यामागे डबे अर्धे टाकून आलेले प्राध्यापक. मनीषा आधीच भिंतीशी उकिडवी बसली होती. गुंजाळांनी आधी भिंत पाहिली नाही. आधी बहावा पाहिला, सवयच ती. खालची एक फांदी वाकवून ते म्हणाले, "हे काय?" पानांवर फिकट निळसर ठिपके वाळले होते. त्यांनी ठिपका नखानं खरवडला, बोटांवर चोळला. गुंजाळही बागायतदाराच्याच घरातले. "हे तर बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना. डाळिंबावर मारतात ते. इथं कोण डाळिंबवाला येऊन गेला?"

सगळे इकडेतिकडे बघू लागले. मीही बघत होतो, जरा जास्तच रागानं. आणि मग मनीषा हलक्या आवाजात म्हणाली, "सर... बूट."

मी खाली पाहिलं. माझ्या काळ्या बुटांवर तसेच निळसर ठिपके. रविवारचे.

पंपाच्या तळाशी होतं ते पाणी नव्हतं. निळ्या पंपात निळं औषध कसं दिसणार? आणि झाडाला जे औषध होतं, तेच मॉसला विष झालं. झाडाच्या पानाला वरून मेणाची कातडी असते, मोरचूद तिच्यावर बसून राहतं. माझ्या मॉसचं पान एका पेशीइतकं पातळ. ते मुळानं नाही, सगळ्या अंगानं पाणी पितं. जे अंगावर पडेल ते प्यायचं, नको म्हणायची सोयच नाही. हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायचो.

गुंजाळ हसले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "चला, चहा घेऊ." मंडळी पांगली.

मी मनीषाला म्हटलं, "जा बाई, गुंजाळ सरांकडे जा. ताम्हण चांगलं झाड आहे."

तिचं लक्षच नव्हतं. "सर, हे बघा की. जितं धार बसली तितं समदं गेलं. कडंला अर्धं जित्तं हाय. अन् ह्या पायपामागं फवारा पोचला न्हाई, तितं हिरवंगार, कुप्यासुद्धा हायेत. झाडाचं मात्र एक पान गळलं न्हाई. एकच औषिद, एकच दिस. मी हाच इषय घेते."

मला एकदम अंगात दहा हत्तींचं बळ आलं. म्हटलं मेलेल्या भिंतीतून विषय काढला, माझी विद्यार्थिनी! "वा! आजच बसू. शीर्षक मी सुचवतो."

ती उठून उभी राहिली, ओढणी झटकली. "पर सर, तुमाला गाईड न्हाई हुता येनार."

"का?"

"तुमी परयोगात हाय ना. औषिद तुमी मारलं. आरोपीच्याच हातात तपास कसा द्यायचा?"

हे तिनं अगदी आदरानं सांगितलं.

तर आमच्या विभागात मॉसवर कोणी आपणहून केलेला एकमेव प्रकल्प, आणि त्यावर मार्गदर्शक म्हणून नाव गुंजाळांचं. माझंही नाव आत आहे, नाही असं नाही. साहित्य आणि पद्धती या भागात: 'फवारणी – प्रा. भिंगारदिवे (अनवधानाने).' परीक्षक त्या ओळीवर बराच वेळ थांबले होते म्हणतात. मनीषाचा पहिला नंबर आला, आता ती मॉसवरच संशोधन करते. आणि त्या उन्हाळ्यात, पाय कोरडे झालेला तो बहावा असा फुलला की रस्त्यावरची माणसं गाड्या थांबवून फोटो काढायची. त्यातला एक फोटो आमच्या घरातल्या मोबाईलवर कितीतरी महिने होता. माझ्या नव्हे.

पण मला सर्वात जास्त झोंबलं ते निराळंच. प्रकल्प चालू असताना गुंजाळांना मॉस शिकणं भाग पडलं. माणूस सरळ, म्हणाले, "भिंगारदिवे, मला यातलं काही येत नाही, शिकवा." आणि स्टूल ओढून माझ्या टेबलाशी येऊन बसले. मनीषानं पाइपामागच्या पट्टीतली एक पिकली कुपी काढून आणली. मी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, वरून टेबललॅम्पचा उजेड पाडला. कुपीचं टोपण गळलं की तिच्या तोंडाशी तांबूस दातांचं एक गोल कडं दिसतं, एखाद्या सोनारानं बसवल्यासारखं. हवा दमट झाली की दात मिटतात, कोरडी झाली की उघडतात आणि बीजाणू चिमटीचिमटीनं बाहेर सोडतात. मी म्हटलं, "हलकेच फुंकर घाला."

गुंजाळांनी फुंकर घातली. पुन्हा फुंकर घातली.

"अहो," ते म्हणाले, "हे असलं तुम्ही इतकी वर्षं एकटेच बघत होतात?"

हे वाक्य ऐकायला मी हयात घालवली होती. विद्यार्थ्यांकडून, महिला मंडळाकडून, घरून, कोणाकडूनही चाललं असतं. आणि आता ते कानावर पडलं, तर ते गुंजाळांकडून! हे दात माझे होते. ही फुंकर माझी होती. या माणसाकडे बहावा होता, ताम्हण होता, शाली होत्या, शिष्य होते, माझी एकुलती एक विद्यार्थिनी होती. एवढं असून याला हेही आवडावं?

"सर, उठा की आता," मनीषा म्हणाली, "मला बी बघू द्या."

"थांब गं जरा," गुंजाळ म्हणाले.

"बल्ब तापतो हो," मी म्हणालो आणि दिवा बंद केला.

अंधाऱ्या नळीला डोळा लावून गुंजाळ तसेच बसून राहिले.